सोळा मिनिटांची राखण

गेल्या पावसाळ्यात एका मित्राच्या घरी आम्ही पाच-सहा जण जमलो होतो. सगळे चाळिशीच्या आसपासचे, सगळ्यांना जुन्या जपानी गेम्सचं वेड. बाहेर पाऊस कोसळत होता. चहा झाल्यावर एकानं लॅपटॉप उघडून एक चित्रफीत लावली. जेमतेम सोळा मिनिटांची. पडद्याच्या तळाशी एक पांढरी पट्टी सारखी थरथरत होती, लाल रंग रेषेबाहेर ओघळल्यासारखा दिसत होता, आवाज मधूनच खोल जायचा आणि परत वर यायचा. कुण्या चाहत्यानं खाली इंग्रजी सबटायटल्स घातली होती. व्हीएचएस कॅसेटवरून उतरवलेली प्रत पाहताक्षणी ओळखू येते. चित्र होतं 'जिकू बोकेन नूमामोंजा', म्हणजे 'क्रोनो ट्रिगर' या गेमवर १९९६ साली केलेला अ‍ॅनिमेशनचा छोटा तुकडा. तो संपला आणि पुढचे दोन तास आम्ही भांडलो. एकाचं म्हणणं, ही उघड पायरसी आहे, आपण चोरीचा माल पाहिला. दुसऱ्याचं म्हणणं, कंपनीनं टाकून दिलेली वस्तू उचलली तर ती उचलणाऱ्याची, कला सगळ्यांची असते. तिसरा म्हणाला, 'एवढ्या फालतू कार्टूनसाठी कशाला डोकं तापवताय?'

हा वाद आमच्या घोळक्यापुरता नाही. जगभर जिथे जिथे जुन्या गेम्सवर प्रेम करणारी माणसं आहेत तिथे तो याच तीन सुरांत वाजतो. माझ्या मते तिन्ही बाजू तो चुकीच्या मुद्द्यावर लढतात. पहिली बाजू मालकी एवढंच पाहते, दुसरी प्रेम एवढंच, तिसरी दर्जा एवढाच. खरा प्रश्न विचारायचा असेल तर तो असा: जी वस्तू मालक स्वतः विकत नाही, दाखवत नाही, कुठल्या ग्रंथालयात ठेवत नाही, ती नाहीशी होऊ देण्याचा हक्कही त्या मालकाला असावा का? माझं उत्तर आहे, नसावा. विकण्याचा हक्क त्याचा आहे, तो त्याच्याकडेच राहावा. न विकण्याचा हक्कही मी मान्य करतो. पण वस्तू बाजारातून गेली की ती जपण्याची आणि अभ्यासकाला, रसिकाला दाखवण्याची मुभा ग्रंथालयांना आणि संग्रहालयांना आपोआप मिळाली पाहिजे, आणि तोवर ती जपणाऱ्या चाहत्याला चोरांच्या रांगेत उभं करू नये.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू, कारण ती माहीत नसताना मत देणारेच जास्त आहेत. 'क्रोनो ट्रिगर' ११ मार्च १९९५ रोजी जपानमध्ये निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या गेमयंत्रावर आला. स्क्वेअर कंपनीनं त्यासाठी जी माणसं एकत्र आणली ती त्या काळात एका खोलीत बसतील असं कुणाला वाटलं नसतं: 'फायनल फँटसी' या गेममालिकेचे हिरोनोबू साकागुची, 'ड्रॅगन क्वेस्ट' या प्रतिस्पर्धी मालिकेचे युजी होरी आणि 'ड्रॅगन बॉल' या चित्रकथेचे चित्रकार अकिरा तोरियामा. संगीत यासुनोरी मित्सुदा या तरुणाचं. त्याच्या हार्डडिस्कनं दगा दिला, पुष्कळ रचना गेल्या, कामाच्या ताणानं त्याला अल्सर झाला आणि उरलेलं काम ज्येष्ठ संगीतकार नोबुओ उएमात्सू यांनी हातात घेतलं. गेमची सुरुवात इसवी सन १००० मध्ये एका राज्याच्या सहस्राब्दी जत्रेत होते. पाळणे नाहीत, पण बाकी सगळं आपल्या जत्रेसारखं: शर्यती, खेळ, मंडप, गाणं म्हणत कुस्तीला बोलावणारा यंत्रमानव. त्या जत्रेतून नायक काळाच्या भोवऱ्यात पडतो आणि ६,५०,००,००० वर्षांपूर्वीपासून इसवी सन २३०० पर्यंत फिरतो. त्या वाटांवर निळ्या अंगाचे, गोलमटोल, अर्धवट झोपेतले 'नू' नावाचे प्राणी कुठल्याही काळात, कुठल्याही कोपऱ्यात भेटतात. सगळ्या जिवांची सुरुवात आणि शेवट नूमध्येच आहे, असं गेममध्ये एक वाक्यही आहे.

प्रॉडक्शन आय.जी. या स्टुडिओनं केलेली ही सोळा मिनिटं अशाच कडेकडेच्या प्राण्यांची आहेत. जगाचं काय होणार ही चिंता तिथे नाही. नायकाच्या शौर्याची कथा नाही. जत्रेचं मैदान आहे आणि गेममध्ये ज्यांना आपण दोन ओळी बोलून पुढे जातो त्यांचा धुडगूस आहे. ३१ जुलै १९९६ रोजी शुएइशा प्रकाशनाच्या 'व्ही जंप' मासिकाच्या महोत्सवात ते दाखवलं गेलं. जपानबाहेर ते अधिकृतपणे कधीच विकलं गेलं नाही. आज कुणी ते पाहिलंच असेल तर कुण्या चाहत्यानं टेपवरून उतरवलेल्या प्रतीमुळेच.

आता 'फालतू कार्टून' या आक्षेपाकडे येतो, कारण माझ्या मते तोच सगळ्यात घातक आहे. ते चित्र थोर नाही हे मी पहिल्या फटक्यात कबूल करतो. विनोद लहान मुलांचे आहेत, कथा नावालाच. पण वस्तू जपायची की नाही हे तिच्या थोरपणावर ठरवायचं असेल तर ते ठरवणार कोण आणि कधी? विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव पायपीट करून दफ्तरं धुंडाळत होते तेव्हा त्यांनी कागदाला त्याचा दर्जा विचारला नाही. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा पहिला खंड निघाला, पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. त्यांतली पत्रं लिहिणाऱ्यांपैकी कितीजण आपण इतिहास लिहितोय असं समजून लिहीत होते? उसनवारी, हिशेब, वतनाचे तंटे, कुणाला काय पाठवलं याच्या याद्या. घरोघरी माळ्यावर कसर लागलेले कागदांचे रुमाल. त्या काळच्या शहाण्या माणसाला ती रद्दीच वाटत होती आणि रद्दी म्हणून ती वाण्याच्या दुकानी जातही होती. आज पेशवाईतल्या माणसाचं रोजचं जगणं आपल्याला कळतं ते त्या रद्दीमुळे. मुद्दाम कोरलेल्या शिलालेखातून जे कळतं त्याहून वेगळं, आणि पुष्कळदा जास्त, नकळत राहिलेल्या चिठ्ठीतून कळतं.

'नूमामोंजा' अशीच एक चिठ्ठी आहे. १९९६ साली एक जपानी कंपनी आपल्या गाजलेल्या गेमवर चित्र करायला निघते आणि त्यात नायकाला मध्यभागी न ठेवता बाजूच्या प्राण्यांना ठेवते, हीच किती बोलकी गोष्ट आहे! तेव्हा गेम, मासिक, महोत्सव आणि अ‍ॅनिमेशन हे एकाच दोरीत ओवलेलं होतं. एका मासिकाच्या मुलं-वाचकांसाठी एका उत्सवात दाखवायला केलेली ही वस्तू आहे. ज्यांना पुढे कधी त्या काळच्या बालमासिकांचा, जाहिरातींचा, गेमवरून चित्र करण्याच्या पद्धतीचा अभ्यास करायचा असेल त्यांना एखाद्या गाजलेल्या चित्रपटापेक्षा हाच ऐवज अधिक उपयोगी पडेल. गाजलेला चित्रपट जपायला लोक धावतातच. ज्याच्यामागे कुणी धावत नाही त्यालाच व्यवस्थेची गरज असते.

पायरसी म्हणणाऱ्या मित्राचं म्हणणं मात्र मी एवढ्या सहज उडवून लावणार नाही. त्याच्याकडे दोन भक्कम मुद्दे होते.

पहिला निर्मात्याच्या इच्छेचा. निर्मात्यालाच स्वतःचं काम पुढे यायला नको असेल तर? हा प्रश्न हवेतला नाही, याच गेमच्या घराण्यात त्याचं उदाहरण आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये निन्टेन्डोच्या 'सॅटेलाव्ह्यू' या उपग्रह सेवेवरून 'रॅडिकल ड्रीमर्स' नावाचा छोटा मजकूर-प्रधान गेम प्रसारित झाला, 'क्रोनो ट्रिगर'च्या कथेला जोडलेला. तो थोड्या महिन्यांत घाईनं केलेला होता. त्याचे लेखक मासातो कातो त्यावर खूश नव्हते. पुढे १९९९ मध्ये 'क्रोनो ट्रिगर' प्लेस्टेशनवर आणताना त्यात हा गेम लपवून द्यावा असा विचार झाला तेव्हा कातोंनीच तो अडवला. आपल्या कच्च्या कामाची लाज वाटणं हा लेखकाचा हक्क नाही का? कवी आपल्या सुरुवातीच्या कविता संग्रहातून गाळतो, आपण ते मान्य करतो. मग इथे वेगळा न्याय का?

मी स्वतः लिहिणारा माणूस आहे, त्यामुळे हा मुद्दा मला आतून पटतो. पण पुढे काय झालं तेही पाहा. सॅटेलाव्ह्यूची सेवा २००० साली बंद पडली. गेम ज्यांनी उतरवून घेतला होता त्यांच्याकडच्या, पुन्हा पुन्हा पुसून लिहिता येणाऱ्या मेमरी-पॅकवर तो राहिला. चाहत्यांनी तो मिळवला, जपला, २००३ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केला. आणि २०२२ मध्ये त्याच कंपनीनं 'क्रोनो क्रॉस' या मालिकेतल्या पुढच्या गेमच्या नव्या आवृत्तीत 'रॅडिकल ड्रीमर्स' अधिकृतपणे आणला, एवढंच नाही तर त्या आवृत्तीच्या नावातच त्याला जागा दिली. सव्वीस वर्षांनी! मधल्या काळात त्याची भूक कुणी जिवंत ठेवली? अधिकृत दुकानात तर तो मिळतच नव्हता. निर्मात्याचं मन बदलतं, काळ बदलतो, कच्चं काम पुढच्या पिढीला वेगळं दिसतं. मन बदलायला वाव राहावा म्हणून तरी वस्तू शिल्लक हवी. कवी कविता गाळतो तेव्हा ती पुढच्या संग्रहातून गाळतो, ग्रंथालयातल्या जुन्या मासिकाची पानं फाडायला जात नाही. प्रकाशित केलेलं मागे घेता येतं, घडलेलंच नाही असं करता येत नाही. 'नूमामोंजा' तर एका महोत्सवात लोकांसमोर दाखवलेलं आहे. ते कुणाच्या खासगी वहीतलं नाही.

दुसरा मुद्दा कायद्याचा. कायद्यात मालक बरोबर असतो आणि तो बरोबर असायलाच हवा, नाहीतर लेखकाचं, चित्रकाराचं पोट कसं भरायचं? इथे चाहत्यांना आवडणारं एक जुनं उदाहरण मी मुद्दाम उलट्या बाजूनं सांगतो. १९२२ मध्ये जर्मनीत एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांचा 'नॉस्फेरातू' आला. तो ब्रॅम स्टोकर यांच्या 'ड्रॅक्युला'वरून परवानगीशिवाय केलेला होता. स्टोकर यांची विधवा पत्नी फ्लोरेन्स कोर्टात गेली, जिंकली आणि १९२५ मध्ये कोर्टानं चित्रपटाच्या सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. परदेशी गेलेल्या प्रती वाचल्या म्हणून आज तो जगभर पाहिला जातो. ही गोष्ट सांगताना चाहते फ्लोरेन्सबाईंना खलनायिका करतात. मला ते मान्य नाही. नवऱ्याच्या पुस्तकावर एक दमडी न देता लोक पैसे कमावत असताना तिनं काय करायला हवं होतं? मोबदला मागण्यात ती शंभर टक्के बरोबर होती. चूक होती ती उपायात. पैसे द्या, श्रेय द्या, दाखवू नका, इथपर्यंत न्याय आहे. जाळून टाका म्हटलं की फ्लोरेन्सबाईंच्या हाती काही पडत नाही आणि पुढच्या सगळ्यांचं मात्र जातं. मालकाचं नुकसान भरून काढणं आणि वस्तूचा नाश करणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आजही आपला कायदा त्यांची गल्लत करतो, फक्त आता जाळावं लागत नाही, हात बांधून वाट पाहिली तरी पुरतं.

पुरतं, कारण टेप. आमच्या घरी माझ्या मुंजीची कॅसेट होती. काही वर्षांपूर्वी ती कपाटातून काढली तेव्हा झडपेच्या आत टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसली, पिठाची बारीक ओळ ओढावी तशी. शहरात जुन्या कॅसेट उतरवून देणाऱ्याकडे गेलो. त्यानं ती उजेडाकडे धरली, नखानं चाक जरासं फिरवलं आणि म्हणाला, 'ही मशिनमध्ये घातली तर माझं हेडही जाईल.' त्या कॅसेटमध्ये आजीचा चालताबोलता असा एकच तुकडा होता. चुंबकीय टेप अशीच मरते. पट्टीवरचा थर सुटतो, बंध ओल शोषून चिकट होतो, चुंबकीय खूण हळूहळू फिकट होते. आणि टेप वाचली तरी चालवायची कशावर? व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनं जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. युनेस्कोनं २०१९ मध्ये चुंबकीय टेपबद्दल जो जागतिक इशारा दिला त्यात २०२५ हे वर्ष सीमारेषा म्हणून धरलं होतं: त्यानंतर जे टेपवरच आहे ते बहुतांशी कायमचं हातचं जाणार.

आता याशेजारी कायद्याची मुदत ठेवा. जपानमध्ये चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनापासून ७० वर्षं चालतो. २००४ पूर्वी तो ५० वर्षं होता. म्हणजे १९९६ मधली ही सोळा मिनिटं २०६६ संपेपर्यंत बंदिस्त आहेत. कुलपाची किल्ली सत्तर वर्षांनी मिळणार आणि आतली वस्तू तिशीतच विरणार. हा कुणाचा कट आहे असं मी म्हणत नाही. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर छापील पुस्तक होतं, शंभर वर्षं बऱ्यापैकी टिकणारं, हजार घरांत विखुरलेलं. थोड्या प्रती निघालेली टेप त्या मापात बसतच नाही.

'मागणी असेल तर कंपनी स्वतःच आणेल' हे उत्तर मी पुष्कळ ऐकलं आहे. बाजारावर एवढी श्रद्धा ठेवण्याआधी या गेमचीच जंत्री पाहावी. १९९९ मध्ये तो प्लेस्टेशनवर आला, त्यात नवीन अ‍ॅनिमेशनचे तुकडेही घातले होते. २००१ मध्ये अमेरिकेत एका जोडसंचात आला. २००८ मध्ये निन्टेन्डो डीएसवर, २०११ मध्ये मोबाइलवर, २०१८ मध्ये संगणकावर. तेच घर पाच वेळा रंगवून विकलं, पण माळ्यावरची ही पेटी एकदाही खाली आली नाही. यात कंपनीचा दुष्टपणा नाही. स्टुडिओ वेगळा, मासिकाचं प्रकाशनगृह वेगळं, आवाज देणारे कलाकार वेगळे, प्रत्येकाचा करार १९९६ मधला. ते सगळे कागद शोधून परवानग्या जमवायला जेवढा खर्च येईल तेवढं सोळा मिनिटांच्या विनोदी चित्रातून सुटणार नाही. कंपनीच्या जागी मीही तेच केलं असतं. म्हणूनच हा भार बाजारावर टाकून चालत नाही. अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत तिथे प्रकाशित झालेल्या जुन्या गेम्सपैकी ८७ टक्के आज कुठेच विकत मिळत नाहीत असं दिसलं. ही गत मुख्य वस्तूंची, मग अशा जोडवस्तूंची काय कथा?

माझी स्वतःची बाजूही इथे सांगायला हवी. 'क्रोनो ट्रिगर' मी पहिल्यांदा खेळलो तो एका सायबर कॅफेत, एम्युलेटरवर (जुन्या गेमयंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर), कुणीतरी सीडीवर भरून दिलेली प्रत. आमच्या गावात तो विकत मिळणं अशक्य होतं. २०१८ मध्ये तो संगणकावर अधिकृतपणे आला त्या आठवड्यात मी पैसे भरून घेतला, आणि आजवर दोन मित्रांना भेट दिला. हे चांगुलपणाचं प्रमाणपत्र म्हणून सांगत नाही. माझ्यासारखे हजारो लोक आहेत, ज्यांची चोरीची सवय दुकान उघडल्याबरोबर सुटली. 'नूमामोंजा'साठी मात्र दुकानच नाही. त्या संध्याकाळी मी माझ्या पायरसीविरोधी मित्राला हेच विचारलं: समज आपल्याला आत्ता पैसे भरायचे आहेत, सांग कुठे भरायचे? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'म्हणून फुकट घ्यायचं?' हा प्रश्नही खोटा नाही. पण ज्या मालाला किंमतच लावलेली नाही त्याची चोरी झाली असं म्हणताना मालकाचं नेमकं काय गेलं ते दाखवता आलं पाहिजे.

आता चाहत्यांच्या बाजूकडे वळतो, कारण तिथेही गोंधळ कमी नाही, आणि तो या मागणीला फार महागात पडतो. 'आम्ही प्रेम करतो म्हणून ते आमचं' हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. २००९ मध्ये चाहत्यांच्या एका गटानं 'क्रोनो ट्रिगर'च्याच सांगाड्यावर 'क्रिमझन एकोज' नावाचा नवा गेम जवळजवळ पूर्ण केला होता. स्क्वेअर एनिक्सनं, म्हणजे विलीनीकरणानंतरच्या त्याच स्क्वेअरनं, कायदेशीर नोटीस पाठवून तो थांबवला. त्या माणसांनी वर्षानुवर्षं घातलेला घाम पाहून वाईट वाटतं, पण तिथे कंपनीची भूमिका मला समजते. दुसऱ्याच्या पात्रांची पुढची गोष्ट लिहिणं आणि दुसऱ्याची नाहीशी होणारी गोष्ट जपणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यासाठी परवानगी मागितलीच पाहिजे. चाहते या दोन्हीला एकाच झेंड्याखाली आणतात, वर आज दुकानात मिळणारे गेमही 'जतन' या नावाखाली फुकट वाटतात, आणि मग जतनाचं खरं काम करणाऱ्यालाही कुणी विश्वासानं घरात घेत नाही. जी वस्तू विकत मिळते ती विकतच घ्यावी. कंपनीनं उद्या 'नूमामोंजा' विक्रीला काढलं तर चाहत्यांनी वाटलेल्या प्रती त्याच दिवशी खाली उतरल्या पाहिजेत, जपून ठेवलेली मूळ प्रत सोडून.

आणि जपायचं तर नीट जपायला हवं. ही प्रत मूळ टेपवरून उतरवली की नकलेच्या नकलेवरून, कोणत्या यंत्रावर, कोणत्या वर्षी, रंग नंतर सुधारले का, याची नोंद किती जण ठेवतात? राजवाडे कागद कुठे, कुणाच्या दफ्तरात मिळाला हे लिहून ठेवत, कारण त्याशिवाय कागदाला साक्षीचं मोल येत नाही. कुणीतरी चित्र 'सुंदर' करण्याच्या नादात टेपचे ओरखडे पुसतो, चौकट कापतो, रंग भडक करतो आणि मूळ फाइल उडवून टाकतो. हेही नाश करणंच आहे.

चाहत्यांची राखण किती मोलाची असते हे पाहायचं तर ब्रिटनकडे पाहावं. बीबीसीनं जागा आणि टेप वाचवण्यासाठी 'डॉक्टर हू' या मालिकेचे साठच्या दशकातले कित्येक भाग पुसून टाकले. नव्वदहून अधिक भागांचं चित्र आज नाही. पण त्या प्रत्येक भागाचा आवाज आहे, कारण तेव्हा घरोघरी पोरांनी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर धरून तो मुद्रित केला होता. पुढे बीबीसीनं तेच आवाज घेऊन त्यावर नवीन अ‍ॅनिमेशन केलं आणि अधिकृतपणे विकलं. ज्या पोरांनी विनापरवाना मुद्रण केलं त्यांच्यावर ती संस्था आज अवलंबून आहे. आपल्याकडे असं कुणी केलं नाही. भारतात सुमारे १,३०० मूकपट झाले, त्यांतले बोटांवर मोजता येतील इतकेच उरले, तेही पुष्कळसे तुकड्यांत. पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला, त्याचं एक रीळही हाती नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं १९६४ मध्ये. तोवर चांदीसाठी रिळं वितळवली गेली होती. त्या रिळांचे मालक होते, त्यांचे हक्क कायद्यात सुरक्षित होते. हक्क शाबूत आणि चित्रपट गायब, ही अवस्था आपल्याला चांगलीच माहीत आहे.

मी मागतो ते अशक्यही नाही. जपानच्याच राष्ट्रीय डाएट (म्हणजे संसद) ग्रंथालयानं २०१४ पासून बाजारात न मिळणारी पुस्तकं आणि मासिकं अंकीय रूपात इतर ग्रंथालयांना पाठवायला सुरुवात केली आणि मे २०२२ पासून ती नोंदणी केलेल्या वाचकाला घरबसल्या वाचता येतात. २०२३ मध्ये तिथे कायद्यात अशी सुधारणा झाली की मालकाची इच्छा समजून घेण्याचा मार्गच नसेल तर ठरलेली रक्कम भरून काम काही काळ वापरता यावं, आणि मालक पुढे आला की त्याला तो वापर थांबवता यावा. युरोपीय संघानं २०१९ मध्ये बाजारातून गेलेल्या कामांसाठी ग्रंथालयांना वाट मोकळी केली. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातही २०१२ पासून बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडच्या प्रतीची जतनासाठी अंकीय नक्कल करता येते. उलट दिशेनंही पावलं पडतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेत ग्रंथालयांना बाजाराबाहेर गेलेले गेम अभ्यासकांना दुरून वापरू देण्याची सवलत नाकारली गेली. कारण देण्यात आलं की लोक ते मौजेसाठी खेळतील. ग्रंथालयातली कादंबरी लोक मौजेसाठीच वाचतात, म्हणून आजवर कुणी ग्रंथालय बंद केलं आहे का?

पुस्तकाला मिळालेली ही वाट गेमला आणि गेमवरच्या चित्राला मिळावी, एवढीच गोष्ट आहे. ठरावीक वर्षं वस्तू कुठेच उपलब्ध नसेल तर ग्रंथालयानं ती मूळ टेपवरून उतरवावी, मालकाला रीतसर कळवावं, तो हरकत घेऊन स्वतः विक्रीला काढणार असेल तर बाजूला व्हावं, नाहीतर दाखवावी. पैसे जमलेच तर त्याच्या नावे ठेवावेत. मालकाला यात एकच अट पाळावी लागते: आपली वस्तू आपण जिवंत ठेवायची. जमिनीच्या बाबतीत पडीक ठेवणाऱ्याला आपण प्रश्न विचारतो. गोष्टीच्या बाबतीत का विचारू नये?

त्या संध्याकाळी शेवटी पाऊस थांबला तेव्हा आमच्यातला एकजण गेममधल्या एका प्रसंगाबद्दल बोलायला लागला. नायक आणि त्याच्या मैत्रिणी इसवी सन २३०० मध्ये पोचतात. सगळं जग राखेचं झालेलं. घुमटाखाली उपाशी माणसं जगत असतात आणि हे असं का झालं ते कुणालाच माहीत नसतं. त्या पडक्या घुमटात एक जुना संगणक सुरू होतो आणि पडद्यावर १९९९ सालची चित्रफीत दिसते: जमीन फाडून लाव्होस नावाचा राक्षसी जीव बाहेर येतो आणि जग संपतं. ती चित्रफीत पाहिल्यामुळेच ते तिघं ठरवतात की मागे जाऊन हे बदलायचं. पुढचा सगळा गेम तिथून सुरू होतो. तीनशे एक वर्षं ती चित्रफीत तिथे होती. ती कुणी आणि कशासाठी जपून ठेवली, हे गेममध्ये कुठेच येत नाही.